घरच्या घरी मीलवर्म: तीन डबे, कोरडा कोंडा आणि तीन महिन्यांचा धीर

मीलवर्मला ‘वर्म’ म्हणत असले तरी गांडुळाशी त्याचं दूरचंही नातं नाही. ही एका काळ्या भुंगेऱ्याची अळी. स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनिअसने १७५८ साली त्या भुंगेऱ्याला टेनेब्रिओ मोलिटर असं नाव दिलं. लॅटिनमध्ये टेनेब्रिओ म्हणजे अंधारात वावरणारा आणि मोलिटर म्हणजे गिरणीवाला. अंधार आवडतो आणि पीठ खातो, एवढं कळलं की याला पाळायचं कसं हे निम्मं कळलं.

घरात गेको (पाळीव पाल), हेजहॉग (अंगावर काटे असलेला छोटा प्राणी), कीटक खाणारे पक्षी, कोंबड्या किंवा मोठे मासे असले की जिवंत खाऊ लागतो. विकतच्या डब्यात बऱ्याच अळ्या मेलेल्या निघतात आणि उरलेल्या किती दिवस उपाशी होत्या कोण जाणे. उपाशी अळी म्हणजे जवळजवळ नुसतं कवच. घरी वाढवली की तिच्या पोटात काय आहे ते आपल्याला माहीत असतं. आवाज नाही, नीट ठेवलं तर वासही नाही, आणि काम म्हणाल तर आठवड्याला अर्धा-पाऊण तास.

तरीही नव्याने सुरू करणाऱ्या पुष्कळांचा पहिला डबा बुडतो. माझे दोन बुडाले. पहिल्या खेपेला अळ्यांना तहान लागेल म्हणून मी काकडीच्या चकत्या थेट कोंड्यावर मांडल्या आणि वर पाण्याचा हलका फवाराही मारला. आठवड्याभरात डब्याच्या कडेवर पुसट तपकिरी धूळ दिसायला लागली. पुसली, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच. टॉर्च धरून वाकून बघितलं तेव्हा कळलं की धूळ चालते आहे. ते माइट होते, कोळ्याच्या कुळातले अतिसूक्ष्म जीव, लाखांनी. सगळा डबा टाकावा लागला.

दुसऱ्या खेपेला ओल कटाक्षाने टाळली. भुंगेरे झाले, दोनेक महिने जगले, मरायला लागले, आणि कोंड्यात अळी म्हणून एकही दिसेना. हेही फसलं म्हणत सगळा कोंडा गोठवून टाकून दिला. त्यातला एक मगभर कोंडा तेवढा खिडकीत विसरून राहिला होता. तीन आठवड्यांनी मग उचलला तर कोंड्याचा पृष्ठभाग थरथरत होता, मंद आचेवर काहीतरी शिजत असावं तसा. फुंकर मारली आणि खाली दोऱ्याच्या बारीक तुकड्यांएवढ्या शेकडो अळ्या दिसल्या. टाकून दिलेल्या कोंड्यात किती होत्या त्याचा हिशेब मी केला नाही.

पहिला डबा ओलीने घालवला, दुसरा घाईने. पुढचं जे काही सांगतो आहे ते या दोन गोष्टी टाळण्यासाठीच आहे.

आधी चक्र डोक्यात बसवा

अंडं, अळी, कोष, भुंगेरा असं हे चक्र. तापमान २५ ते २८ अंशांच्या दरम्यान असेल तर अंडं साधारण आठवडा-दीड आठवड्यात फुटतं. अळी दोन ते तीन महिने खात राहते आणि त्या काळात दहा-पंधरा वेळा कात टाकते. कोष एक ते दोन आठवडे टिकतो. भुंगेरा दोन-तीन महिने जगतो. थंडीत हेच सगळं रेंगाळतं. तापमान वीसच्या खाली गेलं की अळी-अवस्थाच सहा महिने चालू शकते. म्हणून ‘माझ्या अळ्या वाढतच नाहीत’ या तक्रारीचं उत्तर बहुतेक वेळा थर्मामीटरमध्ये असतं.

अंडं दीड-पावणेदोन मिलिमीटरचं, पांढरं आणि चिकट. चिकटपणामुळे त्याला लगेच कोंडा आणि धूळ लागते, त्यामुळे ते शोधायला जाऊच नका, दिसत नाही. नुकती निघालेली अळीही तशीच, रंगाने कोंड्यासारखी आणि केसाएवढी. पूर्ण वाढलेली अळी अडीच ते तीन सेंटिमीटर भरते.

एक मादी आयुष्यात अडीचशे ते पाचशे अंडी घालते. तुमच्याकडे दोनशे भुंगेरे झाले आणि त्यातल्या शंभर माद्या धरल्या, तर दर मादीमागे दोनशेच अंडी मोजून आणि त्यातलीही पाऊण वाया गेली असं मानूनही पाच हजार अळ्या होतात. गेको रोज दहा खात असेल तर हा दीड वर्षाचा साठा झाला. म्हणजे प्रश्न संख्येचा नाही. प्रश्न पहिले तीन-चार महिने हात आवरण्याचा आहे, कारण या काळात प्राण्याला घातलेली प्रत्येक अळी म्हणजे पैदाशीतला एक भुंगेरा कमी. तेवढे दिवस खाऊ बाहेरून आणा.

डबे

प्लास्टिकचे तीन डबे घ्या: एक अळ्यांचा, एक कोषांचा, एक भुंगेऱ्यांचा. पुढे अळ्यांचे डबे वाढतील, तेव्हा एकावर एक बसणारे किंवा खणांचं कपाट असेल तर सोयीचं. डबा उथळ आणि पसरट हवा. तीस बाय चाळीस सेंटिमीटरचा, हातभर नव्हे, वीतभर उंचीचा पुरतो. भिंती गुळगुळीत असल्या की अळ्या आणि भुंगेरे दोघांनाही चढता येत नाही. भुंगेऱ्यांना पंख असतात, पण ते उडायच्या भानगडीत जवळजवळ पडत नाहीत. तरी पुठ्ठा किंवा कागद भिंतीला टेकवून ठेवू नका, ती त्यांची शिडी होते.

झाकण घट्ट लावायचं नाही. लावायचंच असेल तर मधला मोठा भाग कापून तिथे धातूची बारीक जाळी चिकटवा. हवा खेळली नाही की आत दमटपणा साठतो, आणि दमटपणा साठला की काय होतं ते वर सांगितलंच.

पुठ्ठ्याची पेटी नको, कोपऱ्यातून कुरतडून बाहेर येतात. थर्माकोलची तर मुळीच नको. मीलवर्म थर्माकोल खातात आणि त्यांच्या पोटातले जिवाणू ते मोडायला मदत करतात हे २०१५ साली चिनी आणि अमेरिकन संशोधकांनी दाखवलं. संशोधन म्हणून झकास आहे, पण प्लास्टिक खाल्लेली अळी आपल्या प्राण्याच्या पोटात जावी असं मला तरी वाटत नाही.

डबे ठेवायची जागा सावलीची, कोरडी आणि स्वयंपाकघरातल्या धान्यापासून लांब असावी. मीलवर्म ही साठवणीच्या धान्याची कीड आहे हे विसरायचं नाही. मुंग्यांचा त्रास असेल तर स्टँडचे पाय पाण्याच्या वाट्यांत उभे करा.

कोंडा: घर तेच, जेवण तेच

गव्हाचा कोंडा सर्वात सोपा. ओट चालतात. मी चार भाग कोंड्यात एक भाग ओटचं भरड पीठ मिसळतो. अगदी बारीक पीठ एकटं वापरलं तर ते दाबून बसतं आणि त्यात हवा राहत नाही. कोंबडीखाद्य वापरायचं असेल तर त्यात औषध मिसळलेलं नाही याची खात्री करा. धान्यात किडे होऊ नयेत म्हणून औषध लावलेलं असेल तर ते इथेही आपलं काम चोख करेल, एवढं लक्षात ठेवा.

आणलेला कोंडा तसाच ओतू नका. त्यात माइट, पतंगांची अंडी, पोरकिडे असं काहीही असू शकतं. पिशवी घट्ट बांधून आठवडाभर डीप फ्रीझरमध्ये ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी लगेच उघडायची नाही. खोलीच्या तापमानाला येऊ द्यायची. थंड कोंडा उघडला की हवेतलं पाणी त्यावर धरतं आणि ज्या ओलीपासून पळतो आहोत तीच आपल्या हाताने आत जाते.

थर तीन ते पाच सेंटिमीटर. जास्त जाड केला आणि अळ्याही खच्चून भरल्या तर त्यांच्या अंगच्या उष्णतेनेच मधला भाग तापतो. भरगच्च डब्यात हात घातला तर हे सरळ जाणवतं. तापमान पस्तिशीच्या वर गेलं की अळ्या मरायला लागतात, म्हणून गर्दी झाली की डबा दोन करा.

अळ्या आणताना

सुरुवातीला तीनशे-चारशे पुरे. मध्यम आकाराच्या घ्या. हलवल्यावर वळवळल्या पाहिजेत, डब्याला कुजकट किंवा अमोनियाचा वास नको, काळ्या पडलेल्या अळ्या थोड्याच असाव्यात.

दोन नावांपासून सावध राहा. ‘जायंट मीलवर्म’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अळ्यांना पुष्कळदा वाढ लांबवणारं संप्रेरक दिलेलं असतं, त्यांच्यापासून पैदास होत नाही. ‘सुपरवर्म’ ही तर वेगळीच जात, झोफोबास मोरिओ. ती पाच सेंटिमीटरपर्यंत वाढते, गर्दीत कोष करत नाही, एकेकटीला वेगळं कोंडावं लागतं, आणि फ्रिजमध्ये ठेवली तर मरते. या लेखातलं काहीही तिला लावू नका.

घरी आणल्यावर अळ्या तयार कोंड्यावर पसरा. मिनिटभरात सगळ्या खाली जातात. वर अंड्यांच्या पुठ्ठ्याच्या ट्रेचा एक तुकडा ठेवा, त्याखाली अंधार मिळतो. हाच तुकडा पुढे अळ्या उचलायलाही कामाला येतो. उलटा केला की खाली लटकलेल्या मिळतात.

पाणी कसं द्यायचं

पाण्याची वाटी नाही, फवारा नाही, ओला कापूस नाही. मीलवर्मला कोरड्या जागी जगता येतं. खूप दमट हवेतली वाफसुद्धा ती अळी मागच्या टोकाने शोषून घेऊ शकते. तरी नुसत्या कोंड्यावर वाढ हळू होते, आणि तहानलेले भुंगेरे अंडी कमी घालतात आणि घातलेली खातातही. म्हणून गाजर.

गाजर धुऊन, साल काढून, बोटाच्या पेराएवढे जाड तुकडे करायचे. कापलेली बाजू अर्धा तास सुकू द्यायची आणि मग एखाद्या बरणीच्या झाकणात किंवा पुठ्ठ्याच्या चकतीवर ठेवून डब्यात द्यायचे. कोंड्याला थेट ओल लागत नाही. आठवड्यातून दोनदा, तेही दीड-दोन दिवसांत संपेल एवढंच. उरलेलं काढून टाका. गाजर नसेल तर बटाटा, पण हिरवा पडलेला नको. सफरचंद त्यांना फार आवडतं, पण लवकर बुरशी धरतं. काकडी आणि कलिंगड ही पाण्याची भांडीच आहेत, नव्या माणसाने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

रात्री गाजर ठेवून एकदा कान लावून बघा. कोरड्या पाल्यावर बारीक पाऊस पडावा तशी सरसर ऐकू येते. सकाळी तुकडा उचलला तर खालून पोखरून वाटीसारखा झालेला असतो आणि आत पाच-सहा अळ्या अंग मुडपून बसलेल्या असतात.

कोष वेचणे

काही आठवड्यांनी मोठ्या अळ्या खाणं सोडतात, वर येतात आणि इंग्रजी ‘सी’च्या आकारात वळून निपचित पडतात. नवखा माणूस त्यांना मेलेल्या समजून टाकतो. मेलेली अळी काळी आणि लिबलिबीत होते. ही मात्र फिकट आणि टणक असते. दोन-तीन दिवसांत तिची कात फाटते आणि आतून पांढरट पिवळा कोष निघतो. नीट पाहिलं तर दुमडलेले पाय आणि पंखांच्या घड्या दिसतात. स्पर्श केला की शेपटाकडचा भाग झटकतो, बाकी काही करू शकत नाही.

काही करू शकत नाही हीच अडचण. भुकेल्या-तहानेल्या अळ्या आणि भुंगेरे कोष कुरतडतात. एक छोटा चावाही पुरतो, त्यातून निघणारा भुंगेरा वाकड्या पंखांचा होतो किंवा निघतच नाही. म्हणून एक दिवसाआड कोष वेचून वेगळ्या डब्यात ठेवायचे. प्लास्टिकचा चमचा वापरा, चिमटा नको.

संख्या वाढली की चमच्याने निभत नाही. तेव्हा मोठ्या भोकांची चाळण घ्या, जिच्यातून अळी वळवळत खाली उतरू शकेल पण जाडजूड कोष अडेल. चाळणीत सगळं ओतून वर दिवा लावा. उजेड टाळायला अळ्या आपणहून खाली पडतात, दहा मिनिटांत वर कोष उरतात. हलवायची, आपटायची गरज नाही. ते त्यांच्यावर सोडा.

कोषांच्या डब्यात कोंडा नको. तळाला कागद घाला आणि त्यावर एका थरात कोष पसरा. निरोगी कोष आधी डोळ्यांपाशी आणि मग पायांपाशी गडद होत जातो. सगळाच तपकिरी-काळा पडून मऊ झाला तर तो गेला, लगेच काढा. पहिला भुंगेरा दिसायची वेळ आली की गाजराचा एक छोटा तुकडा ठेवा, नाहीतर नुकता निघालेला भुंगेरा शेजारच्या कोषावरच पहिलं जेवण करतो. कागद जरा चुरगाळलेला असावा. गुळगुळीत तळावर पाठीवर पडलेल्या भुंगेऱ्याला पुन्हा उभं राहता येत नाही.

भुंगेरा निघतो तेव्हा दुधाळ पांढरा असतो, डोकं तेवढं तांबूस. मग तो लालसर तपकिरी होतो आणि काही दिवसांत काळा. पांढरे असताना त्यांना हलवू नका, अंग फार मऊ असतं. लालसर झाले की भुंगेऱ्यांच्या डब्यात न्या. नर-मादी ओळखायच्या फंदात पडू नका, निम्मे-निम्मे असतातच.

भुंगेरे आणि तारखा

माझा दुसरा डबा ज्या समजाअभावी गेला तो हा भाग. भुंगेरा निघाल्यावर आठवडा-दोन आठवड्यांनी अंडी घालायला लागतो आणि नंतर जवळजवळ मरेपर्यंत घालत राहतो. पण तोच भुंगेरा स्वतःची अंडी आणि बारीक अळ्याही खातो. दोन्ही एकाच डब्यात दोन महिने ठेवलं तर उत्पन्न भुंगेऱ्यांच्याच पोटात जातं. म्हणून दर दहा दिवसांनी भुंगेरे काढायचे आणि कोंडा मागे ठेवायचा.

करायचं असं. भुंगेऱ्यांच्या डब्यात ताजा कोंडा दोन-तीन सेंटिमीटर घाला, वर अंड्यांच्या ट्रेचे तुकडे आणि गाजर. दहा दिवसांनी डबा चाळणीत ओता. कोंडा खाली पडला पाहिजे आणि भुंगेरा वर राहिला पाहिजे, एवढं चाळणीचं माप. भुंगेरे पुन्हा नव्या कोंड्यात. खाली पडलेला कोंडा वेगळ्या डब्यात भरा, जुन्या डब्याच्या तळाला चिकटलेला चुराही खरवडून त्यात घ्या, कारण अंडी तिथेच जास्त असतात. आणि डब्यावर चिकटपट्टी लावून तारीख लिहा.

ही तारीख लिहायचा कंटाळा करू नका. ‘१ ते १०’ असं लिहिलेल्या डब्यातल्या सगळ्या अळ्या साधारण एका वयाच्या होतात, एका वेळी मोठ्या होतात आणि कोषही जवळपास एकाच आठवड्यात करतात. मोठ्या अळीने छोटीला खाण्याचा प्रश्न आपोआप मिटतो, आणि प्राण्याच्या तोंडाच्या मापाची अळी कुठल्या डब्यात आहे हे शोधावं लागत नाही.

काही जण भुंगेऱ्यांच्या डब्याचा तळच कापून तिथे जाळी बसवतात, म्हणजे अंडी आपसूक खालच्या खणात पडतात. चांगली युक्ती आहे. पण पहिलं चक्र हाताने चाळून पार पाडा, मग काय घडतं आहे ते कळून जाळी बसवा.

तारखेचा डबा मग चार आठवडे विसरायचा. हलवायचा नाही, चाळायचा नाही. दोन आठवड्यांनंतर गाजराचा पातळ काप वर ठेवत जा. महिन्याने टॉर्च लावून एका जागी एकटक बघा. कोंडा मध्येच कुठेतरी हलतो, लहानसा खड्डा पडतो, बुजतो. तो क्षण दिसेपर्यंत डबा रिकामा आहे असा निकाल द्यायचा नाही.

भुंगेरे म्हातारे झाले की अंडी कमी होतात. दोन-अडीच महिन्यांनी नवी तुकडी त्यांच्या जागी यावी अशी सोय हवी. त्यासाठी प्रत्येक तारखेच्या डब्यातल्या मोठ्यात मोठ्या शंभर-दीडशे अळ्या पैदाशीसाठी राखून ठेवा आणि उरलेल्या खाऊ घाला. पुष्कळ जण उलट करतात, जाड दिसते ती प्राण्याला देतात आणि मरतुकडी मागे ठेवतात.

बिघडलं तर

माइट दिसले तर गाजर-बटाटा ताबडतोब बंद. अळ्या चाळून वेगळ्या करा, जुना कोंडा बाहेर काढून गोठवा, डबा गरम पाण्याने धुऊन उन्हात कडकडीत वाळवा आणि नव्या कोरड्या कोंड्यात अळ्या ठेवा. आठवडाभर भाजी न देता ठेवल्या तर अळ्या तग धरतात, माइट कोरड्यात टिकत नाहीत. किडे मारायची पावडर कुठलीही चालणार नाही, ती भुंगेऱ्यांनाही मारेल.

अमोनियाचा वास आला तर कोंडा संपून खाली नुसती विष्ठा उरली आहे किंवा कुठेतरी ओल आहे. बुरशीचा गठ्ठा दिसला तर आजूबाजूच्या मूठभर कोंड्यासकट उचला. पतंग उडताना दिसले तर तुम्ही कोंडा गोठवला नव्हता.

आणि स्वतःची काळजी. चाळताना उडणारी धूळ श्वासाला वाईट असते, पुढे-पुढे तिची ॲलर्जी होऊ शकते. कोळंबी किंवा घरातल्या धुळीची ॲलर्जी असणाऱ्यांनी तर जास्तच जपावं. मास्क लावा आणि चाळायचं काम शक्यतो घराबाहेर किंवा उघड्या खिडकीशी करा.

खाऊ घालताना

ताज्या अळीत साधारण साठ टक्के पाणी, वीसच्या आसपास प्रथिनं आणि तेरा टक्क्यांच्या जवळपास चरबी असते. कॅल्शियम मात्र फारच कमी आणि फॉस्फरस त्याच्या कितीतरी पट. सरपटणाऱ्या प्राण्यांना केवळ मीलवर्मवर ठेवलं तर हाडं ठिसूळ होतात. म्हणून खाऊ घालण्याआधी एक-दोन दिवस अळ्यांना कॅल्शियम मिसळलेलं खाद्य आणि हिरव्या पालेभाज्या द्या, आणि देताना कॅल्शियमच्या भुकटीत घोळवा. त्यात जीवनसत्त्व डी-३ हवं की नको हे प्राण्यावर आणि त्याच्या पिंजऱ्यातल्या अतिनील (यूव्ही) दिव्यावर अवलंबून आहे, ते पशुवैद्यांना विचारा. चरबीमुळे हेजहॉग लवकर सुटतात, त्यांना मोजून द्या.

अळी प्राण्याचं पोट फोडून बाहेर येते ही कथा तुमच्याही कानावर येईल. गिळलेली अळी पोटात फार वेळ जगत नाही, पोट फोडणं लांबच. पण पिंजऱ्यात मोकळ्या सुटलेल्या अळ्या झोपलेल्या किंवा आजारी प्राण्याला कुरतडू शकतात, हे खरं आहे. खाल्ल्या नाहीत त्या उचलून घ्या. लहान किंवा दात नसलेल्या प्राण्यांसाठी नुकती कात टाकलेली पांढरी अळी वेचून ठेवा, तिचं कवच मऊ असतं.

अळ्या गरजेपेक्षा लवकर मोठ्या होत असतील तर काही फ्रिजमध्ये ठेवता येतात. सात ते दहा अंशांना त्या सुस्त होतात आणि वाढ थांबते. दर आठवड्याला एक दिवस बाहेर काढायच्या, गाजर खाऊ द्यायचं, पुन्हा आत. अंडी, कोष आणि भुंगेरे फ्रिजमध्ये घालू नयेत.

विष्ठा आणि सुट्टी

महिना-दोन महिन्यांत कोंडा नाहीसा होऊन तळाशी रव्यासारखी कोरडी, बारीक पूड जमते. ती विष्ठा. अर्ध्या मिलिमीटरच्या जाळीतून चाळली की खाली पूड आणि वर अळ्या राहतात. पण फक्त ज्या डब्यातल्या अळ्या सेंटिमीटरभर झाल्या आहेत तोच चाळायचा, नाहीतर बारीक अळ्या पुडीबरोबर जातील. झाडांना ही पूड उत्तम खत आहे, कुंडीला एक-दोन चमचे, मातीत मिसळून. वर तशीच टाकली तर बुरशी धरते. देण्याआधी दोन-तीन दिवस गोठवा, म्हणजे राहिलेली अंडी बाहेर पसरणार नाहीत.

गावाला जायचं असेल तर दोन आठवड्यांपर्यंत कुणाला किल्ली द्यायची गरज नाही. कोंडा भरपूर घाला, कोष सगळे वेचून घ्या आणि प्रत्येक डब्यात अर्धा बटाटा, कापलेली बाजू तासभर सुकवून, झाकणात पालथा ठेवा. परत आल्यावर बहुधा नुसती साल उरलेली असेल, आणि कोष करायच्या वयाचा डबा असेल तर ट्रेखाली दहा-बारा नवे भुंगेरेही.